घरातला अलार्म रात्री उगाच वाजतो, काय करू? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, त्यामुळे पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतोय, बाकीच्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही गोरेगाव पूर्वेला तळमजल्यावर राहतो, बिल्डिंग जुनी आहे. बाल्कनीला ग्रिल आहे पण शेजारच्या विंगमध्ये चोरी झाली म्हणून मागच्या दिवाळीआधी ओळखीतल्या एकाकडून अलार्म बसवून घेतला. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये एकेक मोशन सेन्सर, मेन डोअरला आणि बाल्कनीच्या स्लायडिंगला मॅग्नेट, पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाच्या वर पॅनल. सुरुवातीला ठीक होतं. मे महिन्यात सेन्सर माणूस नीट पकडत नव्हता म्हणून तो येऊन काहीतरी सेटिंग वाढवून गेला, आणि आता पाऊस लागल्यापासून रात्री दोन-तीनला आपोआप वाजतो. सासूबाईंना बीपी आहे, त्या दचकून उठतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी पत्र दिलंय. बसवणारा फोन उचलत नाही, दुसऱ्याला बोलावलं तर तो म्हणतो पॅनलच खराब आहे, सगळं नवीन घ्या, वीसेक हजार होतील. आता आम्ही रात्री तो बंदच ठेवतो. खरंच सगळं बदलावं लागेल का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ताई, पॅनल बदलायची घाई अजिबात करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत असं की मशीन चांगलं आहे, बसवणी चुकलीये. पॅनलला सेन्सरकडून सर्किट तुटल्याचा सिग्नल आला की तो सायरन वाजवणार, सिग्नल खरा की खोटा हे त्याला कळायचा काही मार्ग नसतो. नवीन पॅनल आणून त्याला त्याच वायरी आणि त्याच जागेवरचे सेन्सर जोडले तर तोसुद्धा रात्री दोनला वाजेल. आणि तुम्ही तो रात्री बंद ठेवता हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण उगाच वाजणाऱ्या अलार्मने खरं नुकसान हेच होतं, घरचे तो लावायचं सोडून देतात आणि शेजारचे आवाज आला तरी कूस बदलून झोपतात.

त्यामुळे आजच्या आज एक करा. रात्री तुम्ही घरात असताना मोशन सेन्सर चालू राहतात का ते बघा. बऱ्याच घरांत बसवणारा एकच मोड शिकवून जातो, फुल आर्म, म्हणजे दरवाजे पण चालू आणि खोलीतले सेन्सर पण चालू, मग सासूबाई पाण्याला उठल्या तरी सायरन. जवळपास प्रत्येक पॅनलला स्टे किंवा होम नावाचा मोड असतो, त्यात फक्त दरवाजे-खिडक्यांचे मॅग्नेट (दार उघडलं की पॅनलला कळवणारे सेन्सर) चालू राहतात आणि आतले मोशन सेन्सर झोपतात. रात्री तोच लावायचा. फुल आर्म फक्त सगळे घराबाहेर असताना, गावाला गेल्यावर वगैरे. हा मोड सेट केलेला नसेल तर तो प्रोग्रॅममध्ये करून घ्यावा लागेल, त्याला एक रुपयाचं सामान लागत नाही.

आता मूळ दोष शोधायचा तर आधी कुठला झोन, म्हणजे पॅनलला जोडलेलं कुठलं दार किंवा कुठला सेन्सर, वाजतोय ते कळायला हवं. कीपॅडवर अलार्म मेमरी बघता येते, शेवटचा अलार्म कुठल्या झोनने दिला ते तिथे दिसतं, बटणं कुठली दाबायची ते मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल दिलंच नसेल (बहुतेकांना देत नाहीत, आणि हे फार चुकीचं आहे) तर पॅनलच्या झाकणावरचा मॉडेल नंबर टाकून नेटवर शोधा. कुठला झोन म्हणजे कुठला दरवाजा हेही लिहून दिलेलं नसेल तर एकाने कीपॅडसमोर उभं राहायचं, दुसऱ्याने एकेक दार उघडत फिरायचं आणि यादी करायची. मग आठवडाभर कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवा आणि वाजला की तारीख, वेळ, झोन, पाऊस होता का, एसी चालू होता का, लाइट जाऊन आली होती का, एवढं लिहा. हा कागद हातात असला की कुठलाही मेकॅनिक तुम्हाला गंडवू शकत नाही.

माझा पहिला संशय हॉलच्या मोशन सेन्सरवर आहे. हा सेन्सर कॅमेऱ्यासारखं बघत नाही. समोरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या लेन्सने खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडलेले असतात आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात उष्णता सरकली की तो माणूस समजतो. म्हणून माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ त्याच्या अंगावर चालत आला तर उशिरा पकडतो. आता मे महिन्यात काय होतं बघा, आपल्या मुंबईत दुपारी बंद घराच्या भिंती ३३-३४ डिग्रीला जातात आणि माणसाची त्वचाही साधारण तेवढीच असते, मग फरक राहतोच किती, सेन्सरला माणूस दिसणार कसा. तुमच्या माणसाने तेव्हा आतला जंपर (सेटिंग बदलायची छोटी टोपी) काढून सेन्सिटिव्हिटी हाय केली किंवा पल्स काउंट, म्हणजे किती हालचाली मोजून वाजायचं तो आकडा, एकवर आणला असणार. पावसाळ्यात हवा गार झाली, फरक वाढला, आणि सेटिंग तसंच हाय राहिलं, मग पडदा हलला तरी तो भडकतो. ते सेटिंग परत नॉर्मलवर आणा, पल्स काउंट दोनवर ठेवा. उन्हाळ्यासाठी उपाय जंपरचा नाहीच, टेम्परेचर कॉम्पेन्सेशनवाला, म्हणजे गरमीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर घ्यायचा असतो आणि तो नीट जागी लावायचा असतो.

जागा म्हणजे काय, तर खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून सात ते आठ फुटांवर, बाल्कनीकडे पाठ किंवा कूस करून, म्हणजे बाल्कनीतून घुसलेला माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. बाल्कनीकडे तोंड करून लावलेला असेल तर काढा. काचेतून त्याला बाहेरचा माणूस दिसत नाही, काच ती उष्णता अडवते, पण सकाळचं ऊन, गाडीच्या हेडलाइटचा झोत आणि काचेच्या फटीतून येणारा वारा यांचा त्रास मात्र पुरेपूर होतो. एसीच्या झोतासमोर नको, फ्रिजच्या मागच्या बाजूसमोर नको, लांब पडद्याशेजारी तर नकोच. आणि पाल. हसू नका, मुंबईतल्या पहिल्या पाच कारणांत मी पालीला धरतो. सेन्सरच्या मागे वायर आत जाते ते भोक उघडं असतं, त्यातून मुंग्या आणि बारीक कोळी आत शिरतात, त्यांच्यामागे पाल येते आणि लेन्सवरून चालते. लेन्सच्या इतक्या जवळ पाल माणसाएवढीच दिसते. भोक सिलिकॉनने बुजवा, लेन्स कोरड्या मऊ कपड्याने पुसा, त्यावर काच पुसायचं लिक्विड मारू नका.

दुसरा संशय मेन डोअरच्या मॅग्नेटवर. लाकडी दार पावसात फुगतं, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. चौकटीवर बसवलेल्या अर्ध्या भागात रीड स्विच असतो, दारावरच्या अर्ध्या भागात चुंबक, दोन्ही समोरासमोर आणि एका सेंटिमीटरच्या आत असले की सर्किट जुळलेलं राहतं. दार फुगलं, कडी पूर्ण बसेना, अंतर वाढलं की स्विच अगदी काठावर येऊन बसतो, मग वाऱ्याने दार जरा हललं की सुटला. त्यातून बाहेरच्या लोखंडी सेफ्टी डोअरवर लावला असेल तर लोखंड चुंबकाची ताकद खातं, तिथे साधा मॅग्नेट चालतच नाही, मेटल डोअरचा मोठा वाइड गॅपवाला लागतो, किंवा खाली प्लॅस्टिकचा जाड पॅकर द्यावा लागतो. स्लायडिंगला ॲल्युमिनियमचा प्रश्न नाही पण ती खडखडते, तिच्या रोलरचा ढिलेपणा आधी काढा. दोन्हीकडे मॅग्नेट नुसत्या डबल टेपवर लावलाय का बघा, तसा असेल तर आपल्या दमट हवेत तो आज ना उद्या सरकणारच, स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे स्क्रू मारा. जागा दाराच्या वरच्या कोपऱ्यात, उघडणाऱ्या बाजूला. बिजागरीच्या बाजूला लावला तर दार वीतभर उघडलं तरी त्याला कळत नाही.

आता वायरिंग, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे कारण या कामात सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथेच होतो. मेन स्विच बंद करून पॅनलचं झाकण उघडा (झाकणाला टॅम्पर स्विच असतो, म्हणून आधी कोड टाकून सर्व्हिस मोडला न्या, नाहीतर सायरन कानाशी वाजेल). आत २३० व्होल्ट येतात त्या टर्मिनलला हात लावायचा नाही, ते काम परवाना असलेल्या वायरमनचं. फक्त सेन्सरकडून येणाऱ्या बारीक वायरी बघा. त्या नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर तो जॉइंट उघडून बघा, समुद्राची हवा लागून तांबं हिरवं पडलेलं दिसेल, हाताला पावडर लागेल. असा जॉइंट कोरड्या दिवसांत चालतो आणि पावसात रात्री दमटपणा वाढला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वरखाली होतो, पॅनलला वाटतं दार उघडलं. पावसाळ्यात रात्री वाजणाऱ्या अलार्मचं हे अगदी नेहमीचं कारण. जॉइंट शक्यतो ठेवूच नये, सेन्सर ते पॅनल अखंड वायर ओढावी, नाइलाज असेल तर सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह किंवा जेल भरलेले क्रिम्प कनेक्टर. वायरमनला मल्टीमीटर लावून झोनची वायर हलवायला सांगा, आकडा नाचला की चोर सापडला. आणि ही वायर लाइटच्या वायरसोबत एकाच केसिंग पट्टीतून नेली असेल तर वेगळी काढा, फ्रिज किंवा पंप चालू होताना त्यात झटका येतो.

एक गोष्ट उगाच वाजण्याशी संबंधित नाही पण झाकण उघडलंच आहे तर बघून घ्या. प्रत्येक झोनला एक छोटा रेझिस्टर असतो, पॅनलच्या मेकप्रमाणे २.२ के, ४.७ के, ५.६ के किंवा १० के (के म्हणजे किलोओहम). तो सेन्सरच्या टोकाला, म्हणजे दाराशी बसवायचा असतो. आळशी माणूस तो पॅनलच्या टर्मिनलमध्येच खोचून टाकतो, कारण शिडीवर चढायला नको. असं केलं की दाराजवळ कोणी त्या दोन वायरी सोलून एकत्र पिळल्या तर पॅनल कायम 'दार बंद' असंच समजत राहतो. रेझिस्टर दाराशी असला तर तीच लबाडी पॅनलला लगेच कळते. तुमच्या पॅनलच्या टर्मिनलमध्ये रंगीत पट्ट्यांचे छोटे रेझिस्टर ओळीने खोचलेले दिसले तर समजा बसवणाऱ्याने काम अर्धंच केलंय, आणि बाकीचं सगळं परत तपासायला हवं.

बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच असते, तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षं, आपल्या गरमीत कमीच धरा. चार्जिंगवर असताना तिच्यावर साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. कधीकधी तिची वायर जोडलेलीच नसते, मग लाइट गेली की पॅनल मरतो आणि लाइट आली की सायरन देत उठतो. मेन बंद करून तासभर ठेवा, नंतर सायरन वाजवून बघा, आवाज मलूल आला की बॅटरी बदला. पॅनलचा ॲडॅप्टर साध्या स्विचवर असेल आणि कामवाल्या मावशी झाडू मारताना तो बंद करत असतील तर त्यांच्यावर चिडू नका, पॅनलला स्विच नसलेला फ्यूजचा पॉइंट द्यायला हवा होता.

सेक्रेटरींचं म्हणाल तर त्यांचा मुद्दा बरोबर आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि आपला सायरन ११० च्या पुढे ओरडतो. सायरनची वेळ तीन-चार मिनिटांवर सेट करा, एकदा अलार्म लावला की एक झोन फार तर दोन-तीनदाच वाजेल असंही बहुतेक पॅनलमध्ये लावता येतं. सेक्रेटरींना लेखी कळवा की दुरुस्ती चालू आहे, आणि वॉचमनला सांगून ठेवा की वाजला तर काय करायचं.

सगळं झालं की वॉक टेस्ट. पॅनलला टेस्ट मोडला टाकून स्वतः प्रत्येक दारातून आत यायचं, बाल्कनीतून रांगत पण यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी कीपॅडने दाखवलं की पैसे द्यायचे. त्याआधी नाही.

प्रश्न : मी गिरगावात चाळीत एकटाच राहतो, वय ७४, मुलगा पुण्याला. त्याने अलार्म बसवून दिला आहे, वाजल्यावर डबी आपोआप फोन लावते. बसवणाऱ्याने पहिला नंबर १०० टाकला आणि दुसरा मुलाचा. मध्यंतरी चुकून वाजला तर मुलाला फोन गेलाच नाही. आता मुलगा म्हणतो त्यात जिओचं सिम टाकू. त्याने काम होईल का? – एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : काका, १०० नंबर आधी काढून टाका. बऱ्याच डबड्या पहिल्याने फोन उचलला की पुढचे नंबर लावतच नाहीत, मुलाला फोन न जाण्याचं कारण बहुतेक तेच. शिवाय मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून कंट्रोल रूमने गाडी पाठवावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, तिथे माणसाने बोलायला हवं. पहिला नंबर अशा माणसाचा टाका जो दोन मिनिटांत तुमच्या दाराशी येऊ शकतो. चाळीत तर ही सोय आपल्या हाताशीच असते, समोरच्या खोलीतल्या बिऱ्हाडाशी बोलून त्यांचा नंबर घ्या, दुसरा मजल्यावरच्या आणखी कोणाचा, तिसरा मुलाचा. ते बघतील आणि गरज वाटली तर ११२ ला फोन करतील.

सिमचं म्हणाल तर आधी डबी कुठली ते बघा. जुन्या स्वस्त डबड्या टूजीवर चालतात आणि जिओला टूजी मुळातच नाही, त्यात ते सिम घातलं तर नेटवर्कच येणार नाही. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम ठेवा किंवा फोरजीची डबी घ्या. प्रीपेड असेल तर व्हॅलिडिटी संपायची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, रिचार्ज संपलेलं सिम आत पडून असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सिमला पिन लॉक नको. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना आधी सांगून खरा कॉल लावून बघायचा.

प्रश्न : आमच्याकडे बसवणारा इन्स्टॉलर कोड (पॅनलचं सेटिंग बदलायचा कोड) देतच नाही, म्हणतो तो कंपनीचा असतो. प्रत्येक बारीक गोष्टीला व्हिजिटचे पैसे मागतो. बिलही साध्या कागदावर दिलंय. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : पॅनल तुमचा, पूर्ण पैसे तुम्ही दिलेत, मग कोडही तुमचा. अपवाद एवढाच की पॅनल भाड्याने किंवा मॉनिटरिंगच्या करारावर घेतला असेल, तर आधी करार वाचा. नाहीतर लेखी मागा, व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे, काय-काय बिघडलंय त्याच्या फोटोंसकट, आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवा. तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. साधा कागद असला तरी फेकू नका, त्यावर तारीख आणि रक्कम आहे ना, आणि यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंदही पुरावाच.

बऱ्याच पॅनलमध्ये फॅक्टरी रिसेट करून कोड मूळ स्थितीला आणता येतो, पण त्याने सगळं प्रोग्रॅमिंग पुसलं जातं, तेव्हा झोनची यादी लिहून घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नका. आणि कोड मिळाला की लगेच बदला. १२३४ किंवा ०००० ठेवलेले पॅनल मी बघतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, एवढा खर्च करून लोक किल्ली दारातच लटकवून ठेवतात.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला वायरलेस सेट आहे. बेडरूमच्या खिडकीचा सेन्सर सारखा ऑफलाइन दाखवतो, बॅटरी नवीन टाकली तरी. – एक वाचक, घाटकोपर

उत्तर : हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचे सिग्नल घेणारी मुख्य डबी, कुठे ठेवलाय? लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा वायफाय राउटरला चिकटून असेल तर हलवा, घराच्या मध्यावर, डोळ्यांच्या उंचीवर आणा. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकून सेन्सर बसवला असेल तर त्याचा सिग्नल तिथेच अडतो, चौकटीच्या आतल्या बाजूला, लोखंडापासून चार-पाच इंच लांब लावून बघा. आरसीसीच्या दोन भिंती मध्ये येत असतील तर रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारी डबी) लागेल. बॅटरी बटण सेलची असेल तर मार्केटमधला सुटा स्वस्त सेल नको, चांगल्या कंपनीचा सीलबंद घ्या.

प्रश्न : घरात मांजर आहे, दुकानदार म्हणाला पेट इम्यून सेन्सर लावा, तरी वाजतो. – एक वाचक, दादर

उत्तर : पेट इम्यून सेन्सर जमिनीवरच्या लहान प्राण्याकडे दुर्लक्ष करतो. तुमची मांजर जमिनीवर राहते का? ती सोफ्यावरून शोकेसवर, शोकेसवरून कपाटावर जाते, आणि तिथे ती सेन्सरच्या अगदी समोर येते. सेन्सरपासून सहा फुटांच्या आत तिला चढता येईल असं काहीही ठेवू नका. सेन्सर दिलेल्या उंचीवर आणि सरळच लावा, खाली वाकवून लावला तर पेट इम्यूनचा हिशोबच बिघडतो. जागाच नसेल तर त्या खोलीतला मोशन सेन्सर काढा आणि खिडक्या-दारांना मॅग्नेट आणि काचेला ग्लास ब्रेक सेन्सर लावा, मांजर असलेल्या घरात मी तरी तेच सुचवतो.